फ्रिजमधला धूर

"तुम्हाला पटणार नाही. मला स्वतःला पटायला आठवडा लागला," असं म्हणत फ्रिजवाल्या नानांनी पाय खुर्चीवर घेतले, तेव्हाच शेजारच्या शिंप्याने ओळखलं की आता कपभर चहापायी तासभर ऐकावं लागणार. नानांचा जावई नवा होता. तो कान टवकारून बसला.

नानांनी चाळीस वर्षं फ्रिज दुरुस्त केले. त्यांनी बसवलेल्या दाराच्या रबरातून मुंगीचा श्वाससुद्धा आत जात नाही, असं तेच सांगत. मागच्या वर्षी तापानंतर बायकोला वास येईनासा झाला आणि तिचं जेवणच गेलं. दोन घास, तेही औषधासारखे. नानांनी ठरवलं, वासच असा दणदणीत करायचा की गेलेलं नाक झक मारत परत आलं पाहिजे. त्यांनी भंगारातला फ्रिज आणला, आतलं प्लास्टिक उपटून पत्रा ठोकला. तळाशी विजेच्या शेगडीची कॉइल, तिच्यावर तव्यात सुताराकडचे लाकडाचे छिलके, वर हुकाला टांगलेली कोंबडी. धुरावर मांस शिजवायचं कपाट तयार!

"मग? निघाला धूर?" जावयाने विचारलं.

"दहा मिनिटं. पुढे ठप्प! कॉइल बदलली, तरी तेच. थर्मोस्टॅट कॉइलच्या डोक्यावरच बसवला होता, तो लगेच तापून वीज तोडायचा. तो वर सरकवला. आता कॉइल लालबुंद, पण धूर गुदमरलेलाच. म्हटलं छिलके ओले असतील, तीन दिवस गच्चीवर वाळवले."

"आणि सुताराला शिव्या घातल्यात," शिंपी म्हणाला.

"त्या आधीच घातल्या होत्या."

शेवटी कपडे वाळत घालता घालता बायकोच म्हणाली, "अहो, कोंडून मारताय त्याला. जरा वारा द्या की!"

नाना चरकले. ज्या हातांनी जन्मभर फटी बुजवल्या, त्याच हातांनी भोक पाडायचं? ड्रिल धरून ते अर्धा तास नुसते उभे राहिले. मग एक भोक खाली पाडलं, एक वर. दुसऱ्या वेळी डोळे मिटून.

"आणि काय सांगू, धूर सुटला! गल्लीतली सतरा कुत्री ओळीने येऊन बसली. आगीचा बंब आला, तर बंबवाल्यांनी पाणी राहू द्या, ताटं मागितली!"

"मागच्या खेपेला कुत्री अकरा होती, नाना."

"सहा उशिरा आली." नानांचा आवाज खाली आला. "मी दार उघडलं. ही समोर. धुराने माझे डोळे नुसते वाहतायत. हिने लांब श्वास घेतला आणि म्हणाली, 'आला हो! वास आला!' अख्खी तंगडी संपवली, जावईबापू. तेव्हापासून दर रविवारी कपाट चालू."

चहाचा ट्रे घेऊन बायको दारात उभी होती. तिने ट्रे स्टुलावर ठेवला आणि एकेकाच्या हातात कप दिला. नानांना शेवटी.

"वास आला ते खोटं," ती म्हणाली. "आजही येत नाही. पण हे खोटं यांचं नाही, माझं. डोळे पुसत असे बघत होते माझ्याकडे, काय म्हणणार होते मी? तंगडी मात्र खाल्ली. सगळी."