मालक कपाटात आहेत

खरेबाईची ही तिसरी नोकरी. आधीच्या दोन तिच्याच तोंडाने खाल्ल्या. मालक समोर जांभया देत बसलेले असताना फोनवर "बाहेर गेलेत हो" म्हणायचं, एवढं साधं काम तिला जमत नसे. हो असेल तर हो म्हणा, नसेल तर नाही, हे येशूचं सांगणं तिने फारच मनावर घेतलं होतं. आई कपाळाला हात लावायची. "अगं, मीसुद्धा चर्चला जातेच की! पण खरेपणा काय चुलीवर शिजतो? ही गेली तर चौथी तुला कोण देणार?"

कपाटांच्या या दुकानाचे मालक मात्र दिलदार. पहिल्याच दिवशी म्हणाले, "तुझा धर्म नको मोडायला. फोन वाजला की मी मागच्या जिन्यात जातो. तू म्हण, ऑफिसात नाहीत. झालं?"

झालं. मालकांनी इतक्या गिऱ्हाइकांना तारखा देऊन ठेवल्या होत्या की फोन वाजत राहत आणि मालकांची जिन्यात दिवसभर येजा चाले. महिन्याभरात त्यांचं पोट उतरलं. मालकीणबाई खास आभार मानून गेल्या. खरेबाईचा शब्द न् शब्द खरा होता, तरी प्रार्थनेला बसली की ती मध्येच उठायची. लोक फसत होतेच, फक्त फसवणुकीला जिना मिळाला होता.

एका सकाळी, कपाटाची तारीख उलटून गेलेल्या डॉक्टरीणबाई फोनबिन न करता दोन हमाल घेऊन थेट दारात. मालक जिन्याकडे पळाले, तर तिथे दुकानातल्या सुतारमामांनी फळ्या रचलेल्या. मग ते समोरच्या नव्या कपाटात शिरले. "कपाट म्हणजे ऑफिस नव्हे," असं कुजबुजून त्यांनी दार ओढून घेतलं. कुलूप खट्कन बसलं. दार ओढलं की आपोआप कुलूप लागतं, हाच त्या कपाटाचा मोठा गुण.

"मालक कुठायत?"

"बाहेर गेलेत," सुतारमामा रंधा मारता मारता म्हणाले.

"तुम्हाला नाही विचारलं, मामा. हिला विचारतेय. ही खोटं बोलत नाही म्हणे."

मामांनी खरेबाईला डोळा मारला. मग दुसराही मारला. "ऑफिसात नाहीत" हे शब्द तिच्या जिभेवर इस्त्री करून तयार होते. त्यांच्यामागे आईचा चेहरा होता. तिने तोंड उघडलं आणि मिटलं.

"राहू दे. माझं तयार नाही ना? मग हेच नेते. उचला रे!"

हमालांनी कपाट तिरकं केलं. आत काहीतरी धप्पकन घसरलं. गप्प बसणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे, असं खरेबाईच्या मनात आलं, आणि आपल्याला हे किती झटकन सुचतं याचीच तिला भीती वाटली.

"थांबा. मालक त्यात आहेत," ती म्हणाली. "आणि मी ऑफिसात नाहीत म्हणायचे तेव्हा ते जिन्यात असायचे. तेही खोटंच होतं माझं."

हमालांनी कपाट खाली टेकवलं. मग कपाट ओरडलं, "तुला कामावरून काढलं!"

"किल्ली कुठाय?" मामांनी विचारलं.

"माझ्या खिशात," कपाट म्हणालं.

मामांनी करवत उचलली. डॉक्टरीणबाई आडव्या आल्या. "खबरदार! माझं कपाट कापायचं नाही." त्या दाराला कान लावून म्हणाल्या, "श्वास घेता येतोय?"

"येतोय."

"मग घाई नाही."

वाद रंगला. खरेबाई टेबलामागे डबा पिशवीत भरत होती. संध्याकाळी आई विचारणार होती, "कसा गेला दिवस?" आणि तिथे तर जिनाही नव्हता.

तेवढ्यात फोन वाजला. सगळे तिच्याकडे बघायला लागले. नोकरी गेली होती, पण फोन तिच्याच हाताशी होता. तिने उचलला.

"मालक? आहेत ना. कपाटात आहेत." तिने पलीकडचं ऐकून घेतलं. "नाही हो, चेष्टा नाही. थांबा, रिसीव्हर दाराला लावते."