मागच्या दाराचे पाहुणे

मागच्या दाराची कडी खणकन वाजली.

दुपारचे दोन वाजले होते. निशा आत झोपली होती, लाईट गेल्यामुळे फ्रीजही गप्प होता, आणि पुनम ओसरीत बसून ब्लाउजला हूक लावत होती. तिची सुई हवेतच थांबली. मागचं दार उघडत नाही, ही या घराबद्दल तिला ठामपणे ठाऊक असलेल्या मोजक्या गोष्टींपैकी एक गोष्ट होती. अक्षय्य तृतीयेला घर ताब्यात आलं तेव्हापासून तिच्या नवऱ्यानं, अजयनं, ते दार ढकलून पाहिलं होतं, ओढून पाहिलं होतं, बिजागरीत तेल सोडून पाहिलं होतं, आणि शेवटी "पुढचं आहे ना," म्हणून नाद सोडला होता. आता त्या दाराला टेकून केरसुणी उभी असायची.

ती केरसुणी धपकन पडली. दार कुरकुरलं, जरा वर उचललं गेलं, खालून कुणीतरी गुडघा दिला, आणि इतके महिने रुसून बसलेलं ते दार शहाण्या मुलासारखं उघडलं.

"गुणवंता! ए गुणवंता! कुठी आहेस रे?"

साठीच्या आसपासची एक ठेंगणी, काटक बाई आत आली. डोक्यावर गाठोडं, हातात स्टीलचा डबा. तिच्या मागं तान्हं बाळ कडेवर घेतलेली सून, तिच्या मागं काखेत कोंबडा घेतलेला एक हसरा गडी, आणि त्याच्यामागं परसात अजून दोनतीन डोकी. बाईनं गाठोडं नेमकं कोनाड्याखाली ठेवलं, चपला नेमक्या उंबऱ्याच्या उजव्या बाजूला काढल्या, आणि मग पुनमकडं पाहिलं. खालून वर पाहिलं. वरून खाली पाहिलं.

"तू कोन व माय?"

पुनमनं तोंड उघडलं, पण तेवढ्यात आतल्या खोलीतून डोळे चोळत चार वर्षांची निशा बाहेर आली. बाईनं कपाळावर हात मारला.

"पाह्य वं चंचल! प्रवीणनं लगन केलं, एवढी पोरगी झाली, अन् आपल्याले पत्रिका नाई का फोन नाई! पत्रू, पाह्य रे बापा, तुह्या भाच्याचे कारभार!"

"मी तं म्हनत होतो," कोंबडावाला पत्रू खूश होऊन म्हणाला, "पोरगा मोबाईलवर लई बोलते म्हनून."

"अहो, मी प्रवीणची बायको नाही," पुनम म्हणाली.

"मंग कोनाची आहेस?"

आता हे सांगायचं कसं, ते पुनमला कळेना. कारण त्याच दिवशी सकाळी ती नेमकी याच्या उलट दुःखात होती.

झालं असं होतं की आज गावची मंडई होती. मंडई म्हणजे भाजीबाजार, असं पुनमला तासगावात वाढल्यामुळं वाटायचं. इकडं मंडई म्हणजे दिवाळीच्या पाठोपाठ गावात भरणारी जत्रा: जिलबी, फुगे, पाळणे, आणि रात्री कापणी झालेल्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, मांडव ठोकून नाटक. नाटक वडशाहून येतं आणि पाहुणे चहूकडून येतात. ज्याच्या घरी जितके पाहुणे तितकी त्या घराची मान उंच. सकाळी नळावर शेजारच्या कमळाबाईंनी विचारलं होतं, "पुनमबाई, तुमच्याकडे किती पाहुने?"

"कोणी नाही," पुनम म्हणाली होती.

कमळाबाईंच्या हातातली घागर तशीच राहिली. घरात कुणी वारल्यासारखं त्यांनी पुनमकडं पाहिलं, आणि हळू आवाजात म्हणाल्या, "बरं बरं. होते असं."

पुनमला ते फार लागलं. अजय वडशाच्या सरकारी दवाखान्यात रक्त-लघवी तपासायचा. चार वर्षांत तीन भाड्याच्या खोल्या झाल्या. शेवटच्या मालकाला तर ती खोली शेळ्यांसाठी हवी होती. तेव्हा पुनमच म्हणाली होती, आता आपलंच घेऊ. वडशापासून सात किलोमीटरवर हे दोन खोल्यांचं, कवेलूच्या छपराचं, मागं सीताफळ असलेलं घर तिनंच पसंत केलं. तासगावहून आई फोनवर म्हणाली, "अगं, द्राक्षाच्या गावची पोरगी तू, आणि जंगलात घर घेतीस? तिथं वाघ पहाटं दारात बसतो म्हणत्यात." पुनम म्हणाली, "बसू दे. चहा देईन."

पण चहा प्यायला वाघ सोडा, माणूससुद्धा आलं नाही. लोक वाईट नव्हते, हसायचे, बोलायचे. फक्त घर तिचं आहे यावर कुणाचा विश्वास बसत नव्हता. सिलिंडरवाला विचारायचा, "गुणवंतरावच्या घरी द्याचं न?" आणि ओळख झालेला प्रत्येक माणूस दुसऱ्या वाक्याला, "साहेबांची बदली कधी?"

विनंती बदलीचा अर्ज खरोखरच भरून ठेवलेला होता. सांगली जिल्हा. महिनाअखेरची तारीख. अजय म्हणाला होता, "तू म्हणशील तसं. तुला इथं करमत नसेल तर घर विकू, जाऊ." तो जाड कागद चिवड्याच्या डब्याखाली होता, आणि डबा काठोकाठ भरलेला होता; कारण दिवाळीला आईसारखा दोन किलोचा चिवडा करताना खाणारं कोण, हा विचार पुनमनं केलाच नव्हता. काल रात्री ती अजयला म्हणाली होती, "मंडई होऊ दे. मग देऊन टाक अर्ज."

आणि आता दारात सात माणसं आणि एक कोंबडा उभा होता.

"गुणवंतरावांनी हे घर विकलं," पुनम शेवटी म्हणाली. "आम्ही घेतलं. एप्रिलात."

पत्रूचं हसू विरलं. बाळाला थोपटणारा चंचलचा हात थांबला. त्या बाई, म्हणजे भागीरथाबाई, गुणवंतरावांची चुलत बहीण, हळूच खाली बसल्या. सिंदेवाहीकडून दोन गाड्या बदलून त्या दरवर्षी मंडईला आणि भाऊबीजेला एकदमच यायच्या.

"इकलं?" त्या म्हणाल्या. "अन् मले सांगतलं नाई?"

पुनमला एकदम आठवलं. किल्ली देताना गुणवंतराव म्हणाले होते, "बाई, आनखी एक गोष्ट सांगाची राह्यली..." आणि मग मागच्या सीताफळाकडं बघत, "जाऊ द्या. सांगीन कधी." तिला वाटलं होतं, छप्पर गळत असणार. पावसाळाभर ती वर बघत राहिली, आणि गळती खाली होती, दरवर्षी मागच्या दारानं येणारी.

भागीरथाबाईंनी डोळे पुसले नाहीत, फक्त पदर कमरेला घट्ट केला. "चाल वं चंचल. परक्याच्या घरी कसं राहाचं? माफ करजो बाई, न पुसता घुसलो."

"आता कुठं जाता?" पुनम म्हणाली.

"पाहू. गाडी मिळनच."

"गावात एकही घर रिकामं नाही आज," पुनम म्हणाली. मग आपण काय बोलतोय हे कळायच्या आत तिच्या तोंडून निघून गेलं, "आणि परक्याचं घर कसं हो? माझ्या घराचं दार मला उघडता येत नाही, तुम्हाला येतं. मला शिकवल्याशिवाय मी तुम्हाला सोडणार नाही."

भागीरथाबाईंनी तिच्याकडं पाहिलं. पत्रूनं भागीरथाबाईंकडं पाहिलं. कोंबड्यानं सगळ्यांकडं पाहिलं.

"वयनी," पत्रू म्हणाला, "शिकवाले तं थांबाच लागते न. बिचारीले दार उघडता येत नाई."

"तू नाटकापायी बोलून राह्यला."

"हाव," पत्रू प्रामाणिकपणे म्हणाला.

भागीरथाबाई उठल्या. "ये इकडे," त्या पुनमला म्हणाल्या. "कडी धर. वर उचल. आता टोंगळा दे. अवं, लाजतेस काऊन? दारालेच द्याचा आहे!"

दार उघडलं. निशानं टाळ्या वाजवल्या. म्हणजे इतके महिने आपण ज्याला कुलूप समजत होतो ते नुसतंच रुसलेलं दार होतं, हे पुनमच्या लक्षात आलं, पण घाबरायला तिला सवड मिळाली नाही. कारण भागीरथाबाई तोवर चुलीजवळ पोचल्या होत्या.

पुढच्या दोन तासांत पुनमला तिचं घर कळलं. तुळईला दोन लोखंडी कड्या होत्या. त्या कशाला असाव्यात यावर तिनं आणि अजयनं अख्खी एक संध्याकाळ वाद घातला होता. चंचलनं काही न विचारता गाठोड्यातून लुगडं काढलं, दोन्ही कड्यांतून ओवलं, आणि बाळ झोक्यात टाकलं. "प्रवीणभाऊ याच झोक्यात वाढले म्हनते," ती म्हणाली. ओसरीच्या पूर्वेच्या कोपऱ्यात पौषात सकाळी सातला ऊन येतं, तिथं पापड वाळवायचे. सीताफळाखालची माती चुलीला चांगली. मोरीतलं पाणी तुंबलं तर डावीकडची फरशी उचलायची, उजवीकडची नाही. पुनमला वाटलं, कागदावर सही करून घेतलं ते घर वेगळं. हे आत्ता कुठं ताब्यात येतंय.

"पुनमबाई!" कुंपणापलीकडून कमळाबाईंचा आवाज आला. "आवाज येऊन राह्यला वं! कोन आहे घरी?"

पुनम परसात गेली. मान ताठ केली. "पाहुणे!" ती ओरडली. "सात!"

"बापा!" कमळाबाई म्हणाल्या. "खाटा पायजे का?"

कमळाबाईंनी खाटाच नाही, भाजीला भला मोठा गंज, म्हणजे पातेलं पाठवलं, आणि गंजाबरोबर स्वतःही आल्या. कोंबड्याचं मात्र जमलं नाही. पत्रू सुरी घेऊन शोधायला गेला तर निशा कोंबड्याला मांडीवर घेऊन बसली होती. तिनं त्याचं नाव बिरजू ठेवलं होतं आणि त्याला सगळे नातेवाईक सांगत होती. हा तिचा नेहमीचा खेळ. फोनवर येणारा प्रत्येक चेहरा ती दोन ढिगांत टाकायची. "तासगावची आज्जी आईकडची. मोठे काका बाबांकडचे. मावशी आईकडची."

"आता नाव ठेवलं तं कापाचं कसं?" पत्रू हिरमुसला. मग सगळ्यांनी वांग्याची भाजी खाल्ली, आणि वर दोन किलोतला दीड किलो चिवडा. "तिखट कमी आहे," भागीरथाबाई म्हणाल्या आणि तिसऱ्यांदा मूठ भरली.

अजय संध्याकाळी आला तेव्हा मागचं दार सताड उघडं होतं, तुळईला झोका हलत होता, ओसरीत भाताचं तणीस पसरून त्यावर सतरंज्या टाकल्या होत्या, आणि एक अनोळखी गडी त्याच्या खुर्चीत बसून त्यालाच म्हणत होता, "या या, जावईबुवा. चहा घ्या."

"आपण बरोबर घरात आलोय ना?" अजयनं पुनमला हळूच विचारलं.

"हो," पुनम म्हणाली. "आजच आलोय."

दिवेलागणीला भागीरथाबाईंनी स्टीलचा डबा उघडला. आत निरांजन, कुंकू, सुपारी, आणि भावासाठी केलेले अनारसे. ओवाळायला समोर भाऊच नव्हता. पुनमनं नागपूरला मुलाकडं, प्रवीणकडं, राहायला गेलेल्या गुणवंतरावांना व्हिडिओ कॉल लावला, आणि फोन भागीरथाबाईंसमोर धरला.

गुणवंतरावांचा चेहरा दिसला. मागं ओळखीची ओसरी आणि समोर बहीण पाहून त्यांनी चष्मा काढून पुसला.

"मोठा झाला का रे तू लई?" भागीरथाबाईंनी सुरुवात केली. "बापाचं घर इकते अन् बहिनीले सांगत नाई?"

"हिंमत नाई झाली, बाई," गुणवंतराव म्हणाले. "तुले सांगतलं असतं तं तू आलीच नसतीस. मंग मंडईले त्या घरी कोन असतं?"

भागीरथाबाईंनी निरांजन लावलं, फोनला ओवाळलं, आणि ठसठशीत कुंकू थेट काचेवर गुणवंतरावांच्या कपाळी टेकवलं. गुणवंतराव पलीकडून म्हणाले, "मले कायी दिसत नाई आता." पत्रू हसता हसता खाटेवरून घसरला.

नाटक उजाडेपर्यंत चाललं. पुनमला त्यातली खलनायकाची भाषणं कळली, नायिकेचं रडणं कळलं, आणि पहाटेच्या गारठ्यात भागीरथाबाईंनी न विचारता अर्धी शाल तिच्या अंगावर टाकली, तेही कळलं.

सकाळी निघायची गडबड झाली. उरलेला चिवडा वाटेत खायला द्यायचा होता, आणि घरात पिशवी सापडेना. पुनमनं डबा उचलला. खाली तो जाड कागद होता. तिनं क्षणभर त्याच्याकडं पाहिलं, मग त्याची छान घडी घातली, कोन केला, चिवडा भरला आणि दोऱ्यानं बांधला.

अजय दारात उभा राहून बघत होता. "पुनम," तो म्हणाला, "तो कागद..."

"चांगला निघाला," पुनम म्हणाली. "तेल सुटत नाही त्यातून."

अजयनं पुड्याकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं, आणि चंचलच्या बाळाची पिशवी उचलून गाडीपर्यंत पोचवायला निघाला. हसू लपवायला त्याला दुसरं काही सुचलं नसावं.

भागीरथाबाई मागच्या दारानंच निघाल्या. उंबऱ्यावर थांबून त्यांनी निशाच्या गालावरून हात फिरवला. "पुढच्या साली येतो हां, माय. कोंबड्याले सांभाळजो." मग पुनमकडं वळून, "दार तेल घालून खराब नको करू. त्याले टोंगळाच पायजे."

माणसं सीताफळाच्या आडून वळणावर गेली. कुठंतरी पत्रूनं खलनायकाचं हसणं हसून दाखवलं आणि मग तेही ऐकू येईनासं झालं. पुनमनं दार ओढलं. कडी खणकन वाजली.

बिरजूला छातीशी धरून निशा बराच वेळ त्या दाराकडं बघत होती. कपाळाला आठी घालून, दोन्ही ढिगांत शोधून पाहिल्यासारखी.

"आई," तिनं विचारलं, "ती आज्जी बाबांकडची का तुझ्याकडची?"