भूमिकाच्या गळ्यातला पुठ्ठा

मी एक पुठ्ठा बोलतोय. मूळचा मी संत्र्याच्या पेटीचा. शहराच्या महाल भागात इंग्रजीची शिकवणी घेणाऱ्या सत्यवतीताईंनी ती पेटी कापली, मला दोन भोकं पाडून सुतळी ओवली आणि माझ्या अंगावर निळ्या रंगात इंग्रजी ‘आर’ हा शब्द लिहिला. पेटीच्या दुसऱ्या बाजूवर ‘इज’ लिहिला. तो माझा भाऊ.

मुलं आम्हांला गळ्यात घालत. समोर एकटा कुणी उभा राहिला की त्याच्या शेजारी ‘इज’ने धावायचं, दोघं-तिघं असले की मी. चुकीचा पुठ्ठा पोचला की शिकवणीतला पियूष ओरडायचा, “अबे, बिनबुलाया मेहमान आला!” सगळे हसायचे.

मला मात्र रोज कुही गावची भूमिकाच घालायची. ती शिकायला आत्याकडे राहायची. बोलताना अडखळायची, म्हणून बोलायचीच नाही. मला घातलं की नुसतं धावायचं असे, आणि त्यात ती कधी चुकली नाही.

उन्हाळ्यात तिचे वडील, नानाजी, आले.

“निवासी शाळेत जागा भेटली तर शिक माय. नाही तर कुहीलेच चाल. आत्याले किती तरास द्याचा?”

त्या शाळेची मुलाखत इंग्रजीत होती. भूमिका त्या दिवशी जेवली नाही.

ताईंनी मग एक युक्ती काढली. एका वाक्यात तीन कामं सांगायची तर तिन्ही शब्द एकाच घडणीचे हवेत, हे त्या नेहमी शिकवत. आता त्यांनी भूमिकाला शब्दाशब्दाला पाय आपटायला लावला. “माय पेरेंट्स आर प्लांटिंग, वीडिंग अँड रीपिंग.” म्हणजे आई-वडील लावणी, निंदणी आणि कापणी करताहेत. सारख्या शब्दांना सारखा ठेका मिळाला आणि भूमिका अख्खं वाक्य न थांबता बोलली.

“बाप्पा! हे तर गाडीच सुटली वं!” ताई म्हणाल्या. भूमिका इतकी हसली की माझी सुतळी तिच्या वेणीत अडकली.

मुलाखतीला तिने मला दप्तरातून नेलं. आई-वडील काय करतात, असं तिथल्या साहेबांनी विचारलं. मला पाय आपटल्याचा आवाज आला.

“माय पेरेंट्स आर प्लांटिंग...”

“पाय नको हलवू बेटा. नीट उभी राहा.” त्यांच्या आवाजात राग नव्हता.

पाय थांबला. “वी...” एवढंच आलं. पुन्हा “वी...”. मग साहेबांनी पुढच्या मुलीचं नाव पुकारलं.

“काय झालं वं?” बाहेर नानाजींनी विचारलं. ती खाली वाकून चपलेचा पट्टा लावत राहिली.

शाळेत जागा मिळाली नाही. गावी परत निघताना ताईंनी मला तिच्याच हाती दिलं. आता मी कुहीला तांदळाच्या पिंपावर झाकण आहे. माझी एक कड उंदराने कुरतडली आहे. भूमिका रोज दोन वेळा मला उचलते, तांदूळ काढते आणि अक्षरांची बाजू खाली करून परत ठेवते.

परवा तिच्या धाकट्या बहिणीने, ताराने, मला उलटवलं. “ताई, यावर काय लिवलं वं?”

“क... काही नाही. पुठ्ठा हाय.”

आणि मी पुन्हा पालथा.

वाचकहो, कधी एखादी मुलगी तुमच्यासमोर पहिल्याच अक्षरावर थांबली, तर तिचं वाक्य तुम्ही पूर्ण करू नका, दुसरीला हाकही मारू नका. तिचा पाय हलत असेल तर हलू द्या, आणि थोडं थांबा. तिला पुढचं सगळं येत असतं.