जतन झालं

मामांनी ते पान बनवलं ते फोनला कंटाळून.

डोळ्यांच्या एका छोट्या हॉस्पिटलची वेबसाइट त्यांनी पीएचपी या संगणकाच्या भाषेत उभी केली होती. पेशंटच्या तारखा, औषधं, तपासणीची आठवण करून देणारे मेसेज, सगळं तिच्यातूनच चालायचं. अशा साइटच्या पोटात एक छोटीशी फाइल असते, तिला एन्व्ह म्हणतात. डेटाबेसचा पासवर्ड कोणता, हॉस्पिटलच्या वेळा काय, फोन नंबर कोणता, मेसेज कुठल्या कंपनीमार्फत जायचे, एकेका ओळीत एकेक गोष्ट लिहिलेली. साइट म्हणजे घर धरलं, तर ही फाइल म्हणजे घरातली मोठी बाई. कुठली वस्तू कुठल्या फडताळात आहे हे तिलाच ठाऊक. ती गप्प झाली की बाकीची माणसं नुसती चाचपडत बसतात.

ही फाइल उघडायची ती फक्त मामांनी. त्यामुळे हॉस्पिटलात कुणाला शिंक आली तरी फोन मामांना.

"मामा, संध्याकाळची वेळ जरा पुढे करा."

"मामा, नवा नंबर घातलात का? लोक अजून जुन्यावरच फोन करताहेत."

त्यांना सगळेच मामा म्हणत. काउंटरवर बसणारी चिमी ही त्यांची सख्खी भाची. शिकायला म्हणून घरी आली ती घरचीच झाली. तिचं ऐकून नर्स, कंपाउंडर, एवढंच काय, वयाने थोर असलेले डॉक्टरसुद्धा त्यांना मामाच म्हणायला लागले. मामी थट्टा करायची, "मामा मिळाला सगळ्या गावाला, नवरा मात्र मला पुरता मिळाला नाही."

तर शेवटी मामांनी एक पान तयार केलं. त्यावर चार रकाने. हवा तो रकाना बदलायचा, बटण दाबायचं, की मामांचा प्रोग्राम आत जाऊन एन्व्ह फाइलमधली नेमकी ती ओळ शोधणार, बदलणार, आणि पडद्यावर हिरव्या अक्षरांत 'जतन झालं' असं सांगणार. मामांना मध्ये पडायलाच नको.

ते लिहिताना मामांच्या मनात एक शंका येऊन गेली होती. प्रोग्राम आधी सगळी फाइल वाचतो, ओळ बदलतो, मग फाइल रिकामी करून वरपासून खालपर्यंत पुन्हा लिहितो. हे चालू असतानाच दुसऱ्या कुणी बटण दाबलं तर? त्यासाठी फाइलला तेवढ्यापुरतं कुलूप घालता येतं; पहिल्याचं उरकेपर्यंत दुसऱ्याने दारात थांबायचं. फार काम नव्हतं. पण मामांना वाचनालयातून आणलेलं पुस्तक खुणावत होतं. 'एवढंसं हॉस्पिटल,' ते मनाशी म्हणाले, 'कोण कुणाच्या पायात पाय घालणार आहे?' आणि ते कुलूप त्यांनी नंतरवर टाकलं. नंतर म्हणजे कधी, हे या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत असतं.

शिवाय त्यांची एक जुनी सवय होती. मेसेज कुठून पाठवायचे ती ओळ फाइलमध्ये सापडलीच नाही, तर साइटने बोंब मारायची नाही. गुपचूप सरावावर जायचं. सरावात मेसेज कुणालाच जात नाहीत, पण पडद्यावर 'पाठवला' अशी खूण मात्र उमटते. नवं काही करून बघताना चुकून खऱ्या पेशंटला मेसेज जाऊ नये म्हणून केलेली ही सोय. आपल्याच पायावर पाडायचा धोंडा आपणच सोयीस्कर जागी ठेवला आहे, हे तेव्हा त्यांना कसं कळावं?

पान सगळ्यांना आवडलं. चिमी तर हरखूनच गेली. पूर्वी ती रोज सकाळी पेशंटना स्वतः फोन करायची, ते थांबलं. डॉक्टर प्रत्येकाला सांगायला लागले, "मेसेज आला की या. उगाच आधी येऊन गर्दी करू नका." आणि चिमीला म्हणाले, "ही पहिली तारीख येऊ दे, तुला कायमची करून टाकतो. सगळं रेकॉर्ड तुझ्या हाती." घरी आल्यावर चिमी मामांच्या खुर्चीमागे उभी राहून त्यांचं काम बघत बसायची. "मामा, मला शिकव ना हे. तू नाही म्हणालास तर मी मामीला सांगीन तू चष्मा लावून झोपा काढतोस."

आणि मग शिंपीकाकांची मुलगी आली.

शिंपीकाकांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. मेसेज येईल तेव्हा तपासणीला जायचं, म्हणून ते घरी वाट बघत बसले होते. डोळा लाल झाला, दुखायला लागला, तरी सांगितल्याप्रमाणे बसून राहिले; डॉक्टरांनी सांगितलंय, उगाच गर्दी करू नका. मुलीने शेवटी जबरदस्तीने आणलं तेव्हा आत जंतू माजले होते. डोळा वाचला. पण त्यात पूर्वीची नजर राहिली नाही. दुसऱ्या डोळ्याने आधीच कमी दिसायचं; आता त्यांना माणसं ओळखू येत, पण सुई ओवता येत नव्हती.

मामांना डॉक्टरांनी तातडीने बोलावून घेतलं होतं. ते काउंटरमागच्या खोलीत संगणकापुढे बसले होते, दार नुसतं लोटलेलं. बाहेर मुलीचा आवाज चढला होता.

"तुझ्या स्क्रीनवर 'पाठवला' आहे म्हणतेस, मग गेला कुठे? आकाशात? बापाचा डोळा गेला माझ्या! हातावर पोट आहे त्यांचं!"

"ताई, खरंच मी..."

"लिपस्टिक लावून बसायला पगार देतात का तुला?"

चिमीने उभ्या आयुष्यात लिपस्टिक लावली नव्हती. ती म्हणत होती, "माझं चुकलं असेल, ताई. मला माफ करा. हात जोडते."

आत मामांनी एन्व्ह फाइल उघडली होती. ती मध्येच तुटली होती. शेवटची ओळ अर्धी, खालच्या ओळींचा पत्ताच नाही, आणि त्या खालच्यांतच मेसेजची ओळ होती. डॉक्टर शेजारी येऊन उभे राहिले.

"मामा, नंबर बदलला त्या दिवशी मी आणि चिमी एकदमच बसलो होतो बघा. मी केबिनमधून वेळा बदलत होतो, ती इकडून नंबर. माझं तर हिरवं आलं होतं. इथे शेवटचा बदल काउंटरचा दिसतोय. पोरीने काहीतरी भलतं दाबलं का?"

मामांना त्याच क्षणी सगळं कळलं. डॉक्टरांचा बदल फाइलमध्ये अर्धामुर्धा लिहून झाला असताना चिमीने बटण दाबलं. तिच्या बदलाने ती अर्धी फाइल पूर्ण समजून वाचली आणि तशीच परत लिहिली. दोघांनाही हिरवं 'जतन झालं' आलं. चिमीने काहीही भलतं दाबलं नव्हतं. तिने सांगितलेलं काम केलं होतं.

बोलायचं ते एकच वाक्य होतं. पण बाहेर तो आवाज होता, शेजारी डॉक्टर होते, आणि मामा जन्माचे भिडस्त. दुकानात सुटे पैसे चुकीचे आले तरी परत मागायला घाबरणारे. त्यांच्या तोंडून निघालं, "बघतो... कधीकधी चुकून हात लागतो."

कुणाचा हात, हे ते म्हणाले नाहीत. म्हणायची गरजच उरली नाही. डॉक्टरांनी मान हलवली आणि बाहेर गेले.

मामांनी जुन्या प्रतीवरून फाइल पूर्ण केली. मेसेज सुरू झाले. मग त्यांनी ते कुलूपही घातलं. चोर पळून गेल्यावर घराला कुलूप.

चिमीला डॉक्टरांनी काढलं नाही. "संगणकाला हात लावायचा नाही," एवढंच सांगितलं, आणि कापूस-बँडेजच्या खोलीत मोजदाद करायला बसवलं. एक तारखेपासून काउंटरवर दुसरं माणूस येणार होतं. तोवर मोजदाद सांभाळून चिमीने काउंटरवर फक्त नंबर पुकारायचे.

त्या दिवसापासून घरात ती मामांच्या खुर्चीमागे उभी राहिली नाही. एकदा जेवणं झाल्यावर भांडी पुसता पुसता म्हणाली, "मामा, सॉरी हं."

"कशाबद्दल गं?"

"तू एवढं छान करून दिलं होतंस, आणि मी घाण केली. लोक तुला नावं ठेवत असतील. मला नाही जमायचं हे संगणकाचं. मी आपली कापूसच मोजते."

मामांनी पुस्तक जवळ ओढलं. "तसं काही नाही," ते म्हणाले, आणि पुस्तक उघडून बसले. पान उलटायचं विसरून.

मामी ताट उचलत होती. चिमी आत गेल्यावर तिने हळूच विचारलं, "अहो, खाई त्याला खवखवे म्हणतात. तुम्हाला काय एवढं खवखवतंय?"

"मला कुठे काय?"

"चार दिवस झाले, डाळीत मीठ नव्हतं तरी तुम्ही बोलला नाहीत. एरवी घरभर चष्मा शोधत हिंडता, आता तो नाकावर असून तुम्हाला काही दिसत नाही. पोरीचं तोंड बघा एकदा. आणि तुमचं आरशात."

मामांनी बायकोला सगळं सांगितलं. मामी ऐकून घेत राहिली. ओरडेल असं वाटलं होतं, पण ती ओरडली नाही.

"मला कशाला सांगता?" ती म्हणाली. "मी काय डोळे तपासते?"

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. मामांनी दोन लॅपटॉप टेबलावर समोरासमोर मांडले, साइटची एक नक्कल उघडली, त्यात तो जुना बिनकुलपाचा प्रोग्राम घातला, आणि चिमीला हाक मारली. ती यायला तयार नव्हती. "मी नाही हात लावणार. परत काही मोडलं तर?"

"मोडायलाच बोलावलंय. तू इकडून नंबर बदल, मी इकडून वेळ. मी म्हणेन तेव्हा दाब."

पहिल्यांदा काही झालं नाही. दुसऱ्यांदाही नाही. चिमीला वाटलं मामा तिची समजूत काढायला खेळ करतोय. मग एकदा दोघांच्या पडद्यावर हिरवं उमटलं आणि मामांनी फाइल उघडून तिच्यापुढे केली. मध्येच तुटलेली. चिमी वाकून बघत राहिली. पोर हुशार, तिला समजावून सांगावं लागलं नाही.

"म्हणजे कुणीच चुकीचं दाबलं नव्हतं."

"नाही."

"प्रोग्रामच असा होता."

"मी तसा ठेवला होता. मला माहीत होतं असं होऊ शकतं."

"आणि हे तुला कळलं कधी? आत्ता?"

मामांनी खोटं बोलायचा विचार केला. तेवढं एकच खोटं, आणि बाकी सगळं सोपं झालं असतं. "नाही," ते म्हणाले. "त्याच दिवशी. तू बाहेर उभी होतीस तेव्हा."

चिमीने आपल्या समोरचा लॅपटॉप मिटला. मामा म्हणाले, "उद्या सकाळीच डॉक्टरांना सांगतो. तुझं काउंटर तुला परत..."

"डॉक्टरांना मग सांग," ती म्हणाली. "आधी शिंपीकाकांच्या ताईंना सांग. त्या उद्या काकांना घेऊन येणार आहेत. त्यांनी मला सगळ्यांसमोर ऐकवलं ना? मग तूही सगळ्यांसमोर सांग."

"चिमे, मला लोकांसमोर बोलता येत नाही गं, तुला माहितीये."

"मलाही नव्हतं येत."

सकाळी हॉस्पिटलची बाकं भरलेली होती. डोळ्यात औषध घालून डोळे मिटून बसलेली माणसं, त्यांच्या शेजारी पिशव्या धरून बसलेली माणसं. चिमी काउंटरवर नंबर पुकारत होती. शिंपीकाका कडेला बसले होते, एका हाताने मुलीचा दंड धरून. मामा त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले, आणि नेमकं तेव्हाच त्यांनी रात्रभर घोकलेलं सगळं पार पुसलं गेलं.

"मी... ही साइट मी केली आहे," ते म्हणाले. "मेसेज आला नाही ती चूक माझी. त्या मुलीची काही चूक नव्हती."

"काय?" मुलगी म्हणाली. "जरा मोठ्याने बोला."

मामांनी ते पुन्हा मोठ्याने म्हटलं. बाकांवरचे मिटलेले डोळे उघडले. एक बाई म्हणाली, "कोण हे? कंपाउंडर का?" कुणीतरी तिला गप्प केलं. मामांनी अडखळत सगळं सांगितलं; दोघांनी एकदम दाबलं तर काय होतं, त्यावर उपाय काय होता, तो माहीत असून त्यांनी का केला नाही.

"का केला नाही?" मुलीने विचारलं.

"कंटाळा केला."

तिचा तो चढलेला आवाज ऐकायला मामा तयार होऊन आले होते. तो आलाच नाही.

"ती पोरगी माझ्यापुढे हात जोडून उभी होती," ती हळू म्हणाली. "तुम्ही तेव्हा कुठे होतात?"

"आतल्या खोलीत."

"ऐकू येत होतं?"

"हो."

"सगळं?"

मामांनी मान हलवली. शिंपीकाकांनी आवाजाच्या दिशेने चेहरा वर केला. "आता नीट झालंय ना ते?" त्यांनी विचारलं. "बाकीच्यांना जातात ना मेसेज?"

"जातात, काका."

"मग बरं झालं."

मामांना वाटलं, यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ते तिथेच उभे राहिले; कुणीतरी सरकून जागा केली, पण बसवेना. शिंपीकाकांची मुलगी उठली आणि काउंटरपाशी गेली. ती नुसती काउंटरची कड धरून उभी राहिली.

"बसा, ताई," चिमी म्हणाली. "काकांचा नंबर पुढचाच आहे."

तेवढ्यात केबिनचं दार उघडून आतला पेशंट बाहेर आला. चिमीने मामांकडे पाहिलं. ज्या आवाजात ती दिवसभर अनोळखी पेशंटना आत पाठवायची, त्याच स्वच्छ, नम्र आवाजात ती म्हणाली,

"डॉक्टर मोकळे आहेत. काकांच्या आधी तुम्ही जाऊन या."

मामा आत गेले.