सात नंबर गेली

कवळीताई कुणाला तरी घाबरते, असं तिच्या लॅबमध्ये कुणी सांगितलं असतं तर सगळ्यांनी त्याला वेड्यात काढलं असतं. दातांच्या लॅबमध्ये बावीस वर्षं ती कवळ्या घडवत होती, त्यावरूनच हे नाव पडलेलं. दातांचे डॉक्टर तिला वचकून असायचे. ठसा नीट घेतला नसेल तर ती तो सरळ परत पाठवायची, वर फोन करून विचारायची, "हा पेशंटचा जबडा आहे की बटाटा?" आणि नवी कवळी मिळूनही महिनाभर नुसतं सूप पीत बसणाऱ्या म्हाताऱ्यांची तर ती हजेरीच घ्यायची. तिच्या स्वतःच्या वडिलांनी नवे दात सदऱ्याच्या खिशात लपवले होते, तेव्हा ही सफरचंद घेऊन त्यांच्यासमोर ठाण मांडून बसली. "चावा, बाबा! दात काय खिशात घालून मिरवायला केलेत मी?" बाबांनी डोळ्यांत पाणी आणून चावलं होतं.

तीच बाई आता चमचाभर उकडलेल्या अंड्याला घाबरत होती. हसू नका. पुढे ऐका.

वजन एकशे बत्तीस किलोवर गेलं, गुडघे बोलायला लागले, जिना चढताना जीव वर यायला लागला, तेव्हा तिने पोटाचं ऑपरेशन करून घेतलं. डॉक्टरांनी पोट कापून केळ्याएवढं ठेवलं. वॉर्डात तिची खाट सहा नंबरची. शेजारी सात नंबर. सात नंबर बस चालवायची, आणि तिच्या तोंडाचा पट्टा सतत चालू असे. "माझ्या बसमध्ये माझ्या एकटीसाठी दोन सीट लागायच्या," असं काहीबाही सांगून ती हसवायची आणि दोघी टाक्यांवर हात दाबून कण्हायच्या. दोघींना एकाच सकाळी घरी सोडलं. निघताना सात नंबर वॉर्डातल्या मावशींना म्हणाली, "येते हं, मावशी." मावशी कडाडल्या, "इथून निघताना येते म्हणतात होय? जाते म्हण, जाते! इथून गेली ती सुटली." सगळा वॉर्ड हसला. कवळीताईपण हसली. आणि घरी येऊन विसरून गेली.

मग दोन आठवडे पातळ, दोन आठवडे मिक्सरमधून काढलेलं, पाचव्या आठवड्यात मऊ घास आणि पुढे हळूहळू नेहमीचं जेवण, असा तक्ता होता. आहारवाल्या बाईंनी तो फ्रिजवर लावायला दिला होता. चार आठवडे सगळं तक्त्याबरहुकूम चाललं. पाचव्या आठवड्यात सात नंबरचा मेसेज आला. डेपोत दोन फेऱ्यांच्या मध्ये तिने घाईघाईत पाव आणि चिकनचा तुकडा खाल्ला होता. तो अडकला. तोंडाला फेस आला. परत त्याच वॉर्डात, आणि खाटही तीच. "परत सात नंबर!" असं लिहून तिने एक रडका चेहरा टाकला होता.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन बंद. तिसऱ्या दिवशीही बंद. मग कवळीताईने वॉर्डाचा नंबर लावला. फोन मावशींनी उचलला, मागे ट्रॉलीचा खडखडाट.

"मावशी, सात नंबर कशी आहे हो?"

"सात नंबर? ती गेली की आज सकाळी."

"गेली?"

"हो, गेली. त्या खाटेवर नवीन पेशंट आलीये. ठेवते गं, सलाइन संपलंय इकडे."

कवळीताईच्या काळजात धस्स झालं. पुन्हा फोन करून नीट विचारायचं तिला सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी धीर झाला नसता. बाबांना सांगावं, तर ऑपरेशनच्या नावानेच त्यांचा रक्तदाब वाढला होता. तिने कुणालाच सांगितलं नाही. त्या दिवशी दुपारी ताटलीत अंडं कुस्करून ठेवलं होतं, ते तिने बाबांची पाठ वळल्यावर कचऱ्यात टाकलं आणि दूध प्यायली.

त्यानंतर चार आठवडे तिच्या पोटात चावायचं असं काही गेलं नाही. सूप, दूध, ताक, औषधाच्या दुकानातली पावडर, आणि पावडरनेही मळमळायचं म्हणून तीही अर्धीच. आहारवाल्या बाईंचा फोन आला की ही बिनदिक्कत थापा मारायची. "हो हो, खाते की. अंडं खाते, मासा खाते. चावते पण नीट." बावीस वर्षं लोकांना चावायला सांगून दाताच्या कण्या केलेली ही बाई! केस मूठमूठ गळायला लागले. उभं राहिलं की डोळ्यांपुढे काजवे. तरी तिला वाटायचं, केस गेले तर गेले, जीव तर राहिला.

मग एका सोमवारी ती लॅबमध्ये प्लास्टर कालवता कालवता कोसळली. मालकांनी तिला घराजवळच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी रक्त तपासलं, रिपोर्ट दोनदा वाचला आणि चष्म्यावरून बघितलं.

"तुम्ही खात नाही."

"खाते."

"हा कागद काही तसं म्हणत नाही. हे बघा, या आठवड्यात खाणं सुरू झालं नाही, तर मी तुम्हाला त्याच हॉस्पिटलमध्ये पाठवणार. तिथे नाकातून नळी घालतील."

त्याच हॉस्पिटलमध्ये! तिच्या डोळ्यांसमोर एकच खाट आली. आता सांगा, खावं तरी ती खाट, न खावं तरी ती खाट. ती मान हलवून बाहेर आली आणि पायरीवर बसून राहिली.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेल्यावर तिने डब्यातून अंड्याची एक फोड काढली. टेबलावर बिजागरीचा लोखंडी जबडा होता. त्यात प्लास्टरवर वरचे-खालचे दात बसवून ते जुळतात का बघतात. त्यात एका आजोबांची कवळी लावलेली होती. कवळीताईने ती काढली, जुनी मोडीतली कवळी लावली, मध्ये अंडं ठेवलं आणि हाताने जबडा उघडमिट करायला लागली. एक, दोन, तीन. आहारवाल्या बाईंनी सांगितलं होतं, घास पंचवीस वेळा चावायचा. पंचवीस झाल्यावर तिने लगदा मेण कापायच्या सुरीने काचेवर पसरला आणि दिव्याखाली धरला. सगळं मऊ झालं होतं. फक्त पांढऱ्याचा एक कण तांदळाएवढा राहिला होता. त्या एका कणाने तिची पाचावर धारण बसली. एवढा कण पुरेसा असेल का? सात नंबरला केवढा पुरला असेल?

तेवढ्यात दारात मालक. "कुणाची कवळी जेवतेय ही?"

"तपासतेय," ती म्हणाली आणि काच फडक्याने पुसून टाकली.

शनिवारी सुट्टी. दुपारी बाबांनी न विचारता अंडं उकडलं, कुस्करलं, वाटीत घातलं आणि समोर येऊन बसले. स्वतःची कवळी त्यांनी नीट लावली होती. "तू मला सफरचंद चारलंस," ते म्हणाले, "आता मी उठणार नाही इथून."

ती बघत राहिली. मग जीव मुठीत धरून तिने चमच्याच्या टोकावर अंडं घेतलं. मोजलं. पंचवीस, तीस, चाळीस. तोंडात काही उरलंच नव्हतं तरी चावत होती. गिळलं. वाट पाहिली. काही नाही! दुसरा चमचा. तिसरा. बाबांच्या चेहऱ्यावर हसू फुटायला लागलं. तिलाही वाटलं, छे, काय वेडी मी. चौथा गिळला आणि उचकी लागली.

"कोण गं आठवण काढतंय?" बाबा म्हणाले. घरात उचकी लागली की हे ठरलेलंच. "नावं घे, थांबेल. मालक? तुझी आत्या?"

दुसरी उचकी. तिसरी. कवळीताईच्या मनात एकच नाव आलं, आणि ते नावसुद्धा नव्हतं, नंबर होता. गेलेली बाई आठवण काढतेय. बोलावतेय. तिच्या अंगावर सरसरून काटा आला.

"पाणी पी, पाणी पी," म्हणत बाबांनी पेला पुढे केला. जेवताना पाणी प्यायचं नाही हे तक्त्यात सर्वांत वर लाल अक्षरात होतं. पण उचकी म्हटलं की पाणी, हे त्या तक्त्याच्या फार आधीपासून हाडांत मुरलेलं. घाबरून तिने अर्धा पेला घटाघटा संपवला.

आणि छातीच्या मधोमध काहीतरी घट्ट बसलं. वर येईना, खाली जाईना. तोंडात लाळ भरायला लागली, घट्ट, फेसाळ, थुंकली तरी पुन्हा भरे. ती बेसिनला धरून वाकली. हेच, ती मनात म्हणाली, हेच झालं तिला. गेले मी. बाबा पाठीवर थापट्या मारत होते.

"बाईंना... फोन," ती कशीबशी म्हणाली.

आहारवाल्या बाईंचा आवाज खोलीत आला, शांत. "श्वास घेता येतोय? बोलता येतंय? छान. खांदा दुखतोय? ताप? नाही ना? मग उभ्या राहा, खोलीत हळूहळू चाला. काही पिऊ नका. थेंबही नाही. मी फोन ठेवत नाही."

ती चालली. खिडकी ते दार, दार ते खिडकी. बाबा मागे मागे, हात पसरून, लहान मूल चालायला शिकताना धरतात तसे. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. मग छातीतलं ते ओझं एकदम सरकलं आणि तिने खुर्चीत अंग टाकलं.

"पाणी प्यायलात ना?" बाई म्हणाल्या. "उचकी लागली म्हणून? अहो, उचकी म्हणजे तुमचं पोट सांगतं की बस. तिथे चमचा ठेवायचा. आता एक खरं सांगा. किती दिवसांनी खाल्लंत?"

आणि कवळीताईचा बांध फुटला. "चार आठवड्यांनी! खोटं बोलले मी तुमच्याशी. सात नंबर गेली त्या दिवसापासून माझ्या घशाखाली उतरत नाही हो काही."

"कुठे गेली सात नंबर?"

"गेली! मावशींनीच सांगितलं ना, आज सकाळी गेली म्हणून!"

बाई हळूच म्हणाल्या, "अहो, घरी गेली ती. अडकलेला तुकडा काढला आणि घरी सोडलं. परवा माझ्यासमोर बसली होती. जुना फोन बादलीत पडला म्हणून तुमचा नंबर हरवलाय, म्हणून माझ्याकडे तुमची चौकशी करत होती."

इथून गेली ती सुटली. मावशी तर तिच्यासमोरच ओरडल्या होत्या, आणि ही हसलीही होती. बाबांनी कपाळावर हात मारला. "चार आठवडे हे पोटात घेऊन बसलीस? मला सांगायचं नाहीस?" ते चिडले होते, आणि रडतही होते.

भीती मात्र अशी एका फोनने जात नाही. रविवारी दुपारी समोर अंडं आलं आणि चमचा पुन्हा उचलवेना. फरक एवढाच, की मिठाच्या बरणीशेजारी फोन स्पीकरवर ठेवलेला होता आणि त्यातून सात नंबर बोलत होती.

"मेले, तू तर मला मारूनच टाकलंस की!" ती खिदळली. मग तिचा आवाज उतरला. "खरं सांगू का? मीसुद्धा त्यानंतर एकटी जेवत नाही. नवरा समोर लागतो. आज तो कामावर गेलाय. हातात चमचा धरून बसलेय कधीची."

"मग एकदम घेऊ," कवळीताई म्हणाली. "पंचवीस. मध्ये बोलायचं नाही."

दोघींनी घास घेतला. खोलीत काही आवाज नव्हता. दहा. पंधरा. बाबा ओठ हलवत मोजत होते. पंचवीस. फोन गप्प. सव्वीस, अठ्ठावीस. या बाईच्या तोंडाचा पट्टा कधी थांबत नाही, आणि आता एवढी गप्प? तीस. कवळीताईने फोन उचलून तोंडाशी धरला.

"सात नंबर?"

काही नाही.

"अगं, आहेस ना? बोल की! आहेस ना?"

"आहे गं बाई," उत्तर आलं. "गिळत होते."

कवळीताईने सुस्कारा टाकला, आणि मग तिच्या लक्षात आलं की तिचं स्वतःचं तोंड रिकामं आहे. घास कधी खाली गेला, तिला कळलंही नव्हतं. तिने बाबांकडे बघितलं. बाबांनी पेला उचलून दोन्ही हातांनी मांडीवर घट्ट धरून ठेवला होता.

तिसऱ्या घासाला उचकी लागली. बाबांनी तोंड उघडलं आणि मिटलं. कवळीताईने चमचा वाटीत ठेवला.

"पोट भरलं," ती म्हणाली. असं ती शेवटचं कधी म्हणाली होती, तिला आठवेना.

"माझंपण. बरं, आता डेपोत पोचायला हवं. जाते मी."

कवळीताईचा हात फोनवर आवळला. "येते म्हण."

पलीकडे हसू आलं नाही. "येते," सात नंबर म्हणाली. "उद्या याच वेळेला."