पिवळ्या कोटवालीची शेवटची डिस्क

डबा उघडला आणि सुलोचनाबाईंच्या हाताला लागले स्क्रू.

छोटे, मोठे, गंजलेले, वाकडे. त्यांच्यात एक अर्धी पिळलेली गोंदाची ट्यूब, नळाचा वायसर आणि कुठल्यातरी कुलपाची बिनकामाची किल्ली. ज्या काळ्या डब्याला बाई हात धुऊन, पदराला पुसून मगच शिवायच्या, त्या डब्यात हा कचरा! आणि आतल्या सहा डिस्क? एकही नाही.

“अवं माय!” बाई ओरडल्या. घरात ऐकायला कोणी नव्हतं, तरी ओरडल्या.

हा उद्योग कोणाचा, हे शोधायला पोलीस नको होते. घरात माणसं दोन. एक त्या, आणि दुसरे त्यांचे यजमान बाबाराव. डेपोतून रिटायर झाल्यापासून बाबारावांना घरातली कोणतीच गोष्ट स्वस्थ बसलेली बघवत नाही. रिकामी बाटली असो, जुनी सायकल असो की बायको, ही बसून काऊन आहे, हिला कामाला लावा, असं त्यांचं सगळं.

आता डिस्क कसल्या, तर एका जपानी मालिकेच्या. पोरगी नंदिनी नागपूरला कॉलेजात होती तेव्हा तिनं हट्टानं मागवलेला हा सेट. पुढे ती नोकरीला पुण्याला गेली आणि डबा पुलगावच्या घरी कपाटावर राहिला. सगळे त्याला ‘नंदिनीचं कार्टून’ म्हणायचे. नंदिनी चिडायची, “कार्टून नाही, ॲनिमे म्हणतात.” त्यावर बाबाराव, “हो बाप्पा, एनिमा म्हणतात,” असं म्हणून स्वतःच हसायचे. एनिमा कशाला म्हणतात हे सुलोचनाबाईंना चांगलं ठाऊक होतं, तीस वर्षं सरकारी दवाखान्यात सिस्टर होत्या त्या. त्यांना या विनोदावर कधीच हसू आलं नाही.

बाईंना रिटायर झाल्यावर दुपार खायला उठायची. टीव्ही लावावा तर सासवा-सुना एकमेकींच्या दुधात काहीबाही कालवत बसलेल्या. मोबाईल घ्यावा तर एक व्हिडिओ संपायच्या आत दुसरा अंगावर. एका दुपारी बाईंनी सहज तो डबा खाली काढला आणि जुन्या प्लेअरमध्ये पहिली डिस्क घातली.

हातातली मेथीची जुडी हातातच राहिली. लाल पडद्यावर काळ्या सावल्या पळताहेत, ढोल वाजतोय, तोही मुद्दाम उशिरा पडणाऱ्या ठेक्याचा. आणि मग ती येते. लांब पिवळा कोट, कॉलर वर केलेली, काखेत पार्सल. एका चंद्रावरून दुसऱ्या चंद्रावर सामान पोचवणारी बाई. ज्या फलाटावर ती उभी राहते त्याच्याखाली जमीनच नाही, नुसत्या चांदण्या. तिला घाई नाही, रडारड नाही. उभ्या उभ्या शेवया खाते, ओठ पुसते, निघते. बाईंना वाटलं, अगं, नाईट ड्यूटी संपवून मीही अशीच तर निघायची! फक्त मला असा कोट नव्हता, आणि माझ्याकडे इतकं निरखून कोणी कधी पाहिलं नव्हतं.

चित्राखाली इंग्रजी अक्षरं पळायची. ती वाचेपर्यंत चित्र निघून जायचं. मग बाईंनी रिमोटची सगळी बटणं दाबदाबून ती अक्षरंच बंद करून टाकली. जपानीचा एक शब्द कळत नव्हता, पण अडलं काय? जंगलपट्ट्यातल्या म्हाताऱ्या दवाखान्यात येऊन गोंडीत बोलायच्या, त्यांचं दुखणं काय बाईंना कळत नव्हतं? तोंडावर दिसतं सगळं. ती कोट काढून खुंटीला टांगते आणि अंधारात क्षणभर तशीच उभी राहते, एवढाच तुकडा बाई मागे नेऊन नेऊन बघायच्या. आणि त्या डिस्कची अदब तर बघा! भाग संपला की ती आपली चूप. पुढचं आपोआप सुरू होत नाही, मध्येच साबणवाला घुसत नाही. पडद्यावर फलाट, लांब एक दिवा, आणि तुम्ही बटण दाबाल तेव्हाच पुढे.

पाच डिस्क पाहून झाल्या. सहावी बाईंनी मुद्दाम ठेवली होती. ती पाहिली की संपलं. पहिल्या भागात ती घरून निघते तेव्हा एक निळं दार दिसतं, मग सबंध मालिकेत ते दार पुन्हा नाही. शेवटी ती त्या दाराशी पोचते का, आणि पोचली तर उघडतं कोण, एवढं एकच पाहायचं राहिलं होतं. लेकरू गुळाचा खडा गालात धरून ठेवतं, तशी बाईंनी ती डिस्क कितीतरी महिने धरून ठेवली. आज बाबाराव वावरात होते, स्वयंपाक सकाळीच उरकला होता, दाराला आतून कडी घातली होती. आज पाहायचीच म्हणून डबा काढला, तर स्क्रू!

बाईंनी फोन लावला. “कपाटावरच्या डिस्क कुठी आहेत?”

“कोणत्या? त्या नंदिनीच्या चकत्या?” बाबाराव भलतेच खुशीत होते. “ज्वारीत टांगल्या. पाखरं लय झाले ना. बंडूजीनं सांगतलं, चकती उन्हात चमकली का पाखरू येत नाई. डबा नाई फेकला मी, चांगला होता तो. त्यात मी आपले...”

बाईंनी फोन कापला, पायात चपला सरकवल्या आणि चौकात ऑटोला हात केला.

“सिस्टर, एवढ्या घाईनं? पेशंट सिरीयस आहे का?” ऑटोवाल्यानं विचारलं.

“आहे,” बाई म्हणाल्या. “चाल लवकर.”

वावरात ज्वारी डोक्याच्या वर गेली होती. बांधाबांधावर, धुऱ्याधुऱ्यानं काठ्या रोवलेल्या, काठीला सुतळी आणि सुतळीला डिस्क. प्रत्येक डिस्कवर त्या पिवळ्या कोटवालीचं चित्र होतं, ते वाऱ्यानं गरगर फिरत होतं, कधी सुलटं, कधी उलटं. आणि पाखरं भ्याली म्हणता? एक राघू तर नेमका डिस्कच्या काठीवर बसून निवांत कणीस टिपत होता. म्हणजे तिकडे माझा सत्यानाश आणि इकडे उपयोग शून्य! बाईंचा पारा असा चढला की त्या राघूलाही काय वाटलं कोण जाणे, तो उडाला.

निंबाखाली बाबाराव आणि शेजारच्या वावराचे बंडूजी चहा पीत बसले होते.

“काढा,” बाई म्हणाल्या.

“काय झालं वो?”

“सगळ्या काढा. आत्ताच्या आत्ता.”

बंडूजी मध्ये पडले. “वहिनी, कार्टूनच्याच तं आहेत. तुम्ही तं असं करून राह्यल्या जसा सोन्याचा गोफ टांगला आम्ही.”

“बंडूजी, तुमच्या घरून न विचारता मी कधी काही उचललं का? नाई ना? मंग तुम्ही चहा प्या.”

बंडूजी चहा पिऊ लागले.

“अवो, नंदिनीच्या होत्या त्या,” बाबाराव समजूत घालायला लागले. “पोरगी गेली पुण्याले. तिले लागत नाई. मंग राह्यल्या कोणाच्या? कोणाच्याच नाई.”

“कोणाच्याच नाई? घरात मी आहे का भूत आहे?”

“तू?” बाबाराव खरोखर बुचकळ्यात पडले. “तू पाह्यत होती ते?”

“आपल्या पोराच्या लग्नाच्या डिस्क काऊन नाई आणल्या? तुमच्या निरोप समारंभाची काऊन नाई टांगली?”

“त्या कशा टांगन? त्या आपल्या आहेत.”

“एक डाव तरी कोणी पाह्यल्या का? वरचं प्लास्टिक नाई निघालं अजून! ज्याच्याकडे कोणी ढुंकून पाह्यलं नाई ते आपलं, अन् जे माह्या रोजच्या पाहण्यातलं ते कोणाचंच नाई. वा रे न्याय!”

बाबारावांनी चहाचा कप खाली ठेवला. माणूस वाईट नव्हता, हीच तर खरी चीड. वाईट माणसाला दोन शिव्या हासडता येतात, यांना काय हासडणार? बाईंच्या नाईट ड्यूटीला यांनी कधी कपाळाला आठी घातली नाही, पोरीच्या वेण्या घालून लेकरांना शाळेत धाडलं. पण बायकोला एखादी गोष्ट नुसती आवडते, औषधाला नाही, संसाराला नाही, कोणाच्या कामाला नाही, आवडते म्हणून ती कपाटावर आहे, हे काही केल्या त्यांच्या डोक्यात शिरलं नव्हतं. सगळ्या घरात एवढी एक गोष्ट बाईंची एकटीची, आणि तिच्यावरच यांचा हात पडावा!

बाईंनी स्वतः सुतळ्या सोडायला घेतल्या. सहावी डिस्क अगदी कोपऱ्यातल्या धुऱ्यावर होती. ती हातात घेतली आणि बाई थबकल्या. “हे कडेले भोक कायचं?”

“मधल्या भोकातून टांगली का नुसती लोंबते ना,” बंडूजींनी कपातून तोंड वर काढलं. “खिळा तापवून कडेले भोक पाडलं का मस्त फिरते. मीच सांगतलं.”

बाईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. बंडूजी उरलेला चहा तसाच ठेवून आपल्या वावरात निघून गेले.

परतीच्या ऑटोत बाईंनी नंदिनीला फोन लावला. बाबाराव शेजारी अंग चोरून बसले होते.

“त्या डीव्हीडी? अगं असू दे ना आई, किती जुन्या त्या. बाबांना काय माहीत?” नंदिनी म्हणाली आणि मग हसली. “एक मिनिट, तू बघत होतीस? सबटायटल्स तरी वाचून होतात का तुझी? काय कळलं तुला त्यातलं?”

हे पोरीनं म्हणावं! बाबारावांचं एक वेळ सोडा, पण ‘कार्टून नाही’ म्हणून जिनं घर डोक्यावर घेतलं होतं, तिनं आईला विचारावं, काय कळलं म्हणून!

“कळाचं ते कळलं,” बाई म्हणाल्या. “तो जहाजवाला म्हातारा तिचा बाप नाई, तरी बापावाणी करते. तिले घरी जाचं आहे अन् जाचं भेव वाटते. हे समजाले इंग्रजी लागते का?”

“नाही,” नंदिनी म्हणाली. “सॉरी आई.”

“दुसरीकडे कुठी भेटते का आता?”

“नाही गं. एका ॲपवर होती, तिथून काढली. सेटही येत नाही आता. फार खराब झाल्यात का?”

“कडेले भोक पाडलं खिळ्यानं.”

“कडेला?” नंदिनीचा आवाज उतरला. “आई, डिस्क मधून बाहेर वाचली जाते. शेवट कडेलाच असतो.” मग ती म्हणाली, “मी सांगू का तुला, शेवटी काय होतं?”

“खबरदार!” बाई एवढ्यानं ओरडल्या की ऑटोवाल्यानं ब्रेक मारला.

घरी आल्यावर त्यांनी सहावी डिस्क कोमट पाण्यात धुतली, कापसानं मधून कडेकडे हळूहळू पुसली, फॅनखाली वाळवली. जखम धुवावी तशी धुतली म्हणा ना. बाबाराव दारात उभे राहून बघत होते. मदत करू का, असं विचारायची त्यांची छाती नव्हती.

प्लेअर आधी गुरगुरला. मग ढोल वाजला आणि ती आली.

बाबाराव खुर्चीच्या टोकावर येऊन बसले. आधी शिक्षा भोगायला बसल्यासारखे, मग हळूहळू पाठ टेकून. “हे कोण?” त्यांनी एकदा विचारलं. “चूप बसा,” बाई म्हणाल्या. म्हाताऱ्याचं जहाज बंद पडतं आणि ती शेवटचं पार्सल घेऊन पायी निघते, तिथे तर त्यांनी हातातला पाण्याचा गिलास तोंडाशी नेलेला तसाच धरून ठेवला. चंद्रावरची एक गल्ली, ओल्या फरशा, दिव्याखाली पिवळा कोट. वळणापलीकडे निळं दार. ती दारापुढे उभी राहिली. कॉलर नीट केली. कडी वाजवायला हात वर केला.

आणि चित्र थांबलं.

प्लेअर टकटक करू लागला. दाराचे चौकोन चौकोन झाले, पुन्हा जुळले, पुन्हा थांबले. हात वरच्या वर. बाईंनी मागे नेऊन पाहिलं, पुढे नेऊन पाहिलं, डिस्क काढली, पुसली, पुन्हा घातली. ती पुन्हा तिथंच येऊन थांबली.

“मंग?” बाबाराव पुढे सरकले. “उघडते का कोणी दार?”

“मले काय माहीत?” बाईंचा बांध फुटला. “तेच तं पाह्यचं होतं मले! इतके महिने जीव मारून ठेवलं होतं मी हे एक! अन् तुम्ही तिले पाखरं हाकलाले उभी केली, अन् आता मलेच विचारता दार उघडते का?”

डोळ्यांतून पाणी आलं, तेही रागाचंच. त्यांनी ते पुसलंही नाही.

“चुकलो मी,” बाबाराव म्हणाले. “नंदिनीले विचारू का?”

“कोणालेच विचाराचं नाई. कोणी सांगतलेलं नको मले, माह्या डोळ्यानं पाह्यचं होतं. विचाराचंच होतं तं खिळा तापवाच्या आधी मले विचाराचं होतं. सुलोचना, हे कोणाचं आहे? इतकंच. जीभ झिजली असती का तुमची?”

प्लेअरची टकटक तेवढी चालू होती. बाबाराव उठले, त्यांनी रिमोट उचलला, अंगठा बटणावर ठेवला. ठेवला आणि थांबले.

“बंद करू का?” त्यांनी विचारलं.

“नाई,” बाई म्हणाल्या. पडद्यावरून त्यांची नजर हलली नाही. “मी पाहून राह्यली.”