रेतीवरची नानकटाई

ओव्हन नसला तरी घरी नानकटाई होते, हे मी नेरमधल्या निम्म्या बायकांना शिकवलं आहे. जर्मनचा मोठा गंज, म्हणजे ॲल्युमिनियमचं खोल पातेलं, घ्यायचा, तळाला दोन बोटं रेती पसरून ती तापवायची, वर ताटली ठेवायची आणि घट्ट झाकण लावायचं. तूप, पिठीसाखर, मैदा, चिमूटभर सोडा आणि वेलची. पाणी घालायचं नाही, दूध घालायचं नाही आणि मळताना बडबड करायची नाही. शेवटचा नियम पोरांसाठी होता, कारण मला पोरांची बडबड सोसत नाही. त्या दिवशी तमन्ना माझ्या ओट्यापाशी बडबडत होती आणि मी तिचं ऐकलं नाही. ती गेली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे कोणी आशा धरून पुढे वाचायला नको.

तमन्ना आमच्या शेजारच्या जलाल मिस्त्रीची मुलगी. सात वर्षांची, दुसरीत होती. जलाल फवारणीचे पंप दुरुस्त करायचा. २०१७ साल होतं. कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती, अळी काही केल्या हटत नव्हती आणि लोक दोन-दोन, तीन-तीन औषधं एकत्र करून मारत होते. सप्टेंबर लागल्यापासून जलालच्या दारात पंपांची रांग असायची. बहुतेक पंप न धुताच आणलेले. नोझल तुंबलं की तो ते काढायचा, तोंडात धरून एकदा ओढायचा, एकदा फुंकायचा आणि थुंकायचा. त्याच्याकडे तार होती, सुई होती. पण कचरा निघाला की नाही ते तोंडालाच कळतं, असं त्याचं म्हणणं. मी दोनदा त्याला रागावलेही होते. पंधरा वर्षं झाली, आता मला औषध चढत नाही, असं तो हसत म्हणाला होता.

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी पहाटे त्याला दिसेनासं झालं. घाम, उलट्या, हातपाय थरथरायला लागले. गल्लीतल्या लोकांनी गाडीत घालून त्याला यवतमाळच्या दवाखान्यात नेलं. त्याची बायको हुस्नाबी कपड्यांची पिशवी भरून दहाच्या बसने मागून निघाली आणि जाताना तमन्नाचा हात माझ्या हातात देऊन गेली.

"भाभी, पोट्टीले सांभाळजा. तिच्या अब्बाचं तर अल्लाच्या हाती आहे, ही तुमच्या हाती."

तू निर्धास्त जा, असं मी तिला म्हणाले. मी शब्दाची पक्की म्हणून गल्लीत माझं नाव आहे.

त्याच्या आधीची एक गोष्ट सांगायला हवी, ती टाळून चालणार नाही. आमचं सहा एकर शेत आहे. माझे यजमान यज्ञेश्वर तहसीलमध्ये नोकरीला होते, त्यामुळे शेत मक्त्याने दिलेलं, उकंडा नावाचा माणूस ते वाहतो. त्या सकाळी नऊला उकंडा माझ्या दारात आला. जलाल तर आजारी, पंप तिथंच अर्धवट पडला आहे, फवारणी खोळंबली, असं रडगाणं त्याने लावलं. मी वैतागले. पंप पडलाय ना, मग जाऊन बघ काय अडकलंय, सगळं मलाच विचारायचं का, असं म्हणून त्याला पिटाळला. अर्ध्या तासाने तो सायकलवर पंप बांधून जाताना दिसला. तो कोणी दुरुस्त करून दिला, हा प्रश्न मला पडला नाही.

तमन्ना घरात आली तेव्हा तिचा फ्रॉक पोटावर ओला होता. औषधाचा वास येत होता, पण फवारणीच्या दिवसांत तो सगळ्या नेरलाच येतो. बसमध्ये येतो, देवळात येतो, नोटांना येतो. त्यांच्या घराला कुलूप, आणि माझ्या घरात लहान मुलाचे कपडे नाहीत. ओलं कापड बाधू नये म्हणून मी फ्रॉकवरूनच तिच्या पोटाला जाड टॉवेल घट्ट गुंडाळला. मला वाटलं, मी तिची काळजी घेते आहे.

अब्बांसाठी काहीतरी न्यायचं, असा तिने हट्ट धरला. संध्याकाळी यज्ञेश्वर यवतमाळला जाणारच होते. मग आपण नानकटाई करू, असं मी म्हणाले, आणि पोर एवढी खुलली की मलाही बरं वाटलं. बाप तिकडे खाटेवर पडलेला असताना पोरीला दोन तास गुंतवून ठेवावं, एवढाच माझा हेतू होता. तो वाईट नव्हता.

दुपारी एकच्या सुमाराला तिला स्टुलावर उभी केली. परातीत तूप आणि साखर घेतली आणि तळहाताने कसं फेसायचं ते दाखवलं. पिवळं तूप पांढरं होत जातं ते बघून ती हरखली. हात चालू होते तसं तोंडही चालू होतं. शाळेतलं सांगून झालं, मांजरीचं सांगून झालं. मी मैदा चाळत होते.

"काकू, आज सकाळी मीनंबी नोझल फुकलं. अब्बासारखं. उकंडाकाका म्हणे, आता तूच मिस्त्री झाली. लय कडू लागलं."

हे तिने मला सांगितलं. शब्द न् शब्द सांगितलं. मी ऐकलं नाही असं म्हणायची सोय नाही, कारण ऐकल्याशिवाय ते मला आज पाठ कसं असतं? कानावर पडलं, पण माझं लक्ष चाळणीतल्या मैद्याकडे होतं, आणि मी नेहमीचं वाक्य म्हणाले. मळताना बोलायचं नाही, थुंकी उडते पिठात. ती शहाणी पोर होती. ओठ मिटून तिने मान डोलावली आणि त्यानंतर ती गप्प झाली. मला वाटलं, वळण लागलं.

आम्ही गोळे केले. वर एकेक चारोळी दाबायचं काम तिचं. ती चारोळी गोळ्याच्या शेजारी, ताटलीवरच ठेवायला लागली. डोळे कुठं आहेत गं तुझे, असं मी म्हणाले. तिने डोळे चोळले आणि पुन्हा चुकीच्या जागी ठेवली. तिच्या कपाळावर घाम होता. शेगडीपाशी माझ्याही होता. पहिली ताटली गंजात गेली, वेलचीचा आणि तुपाचा वास घरभर सुटला, आणि तिच्या तोंडातून लाळ गळायला लागली. हनुवटीवरून टॉवेलवर. मी हसले. मी खरंच हसले. तोंडाला पाणी सुटलं का बाईसाहेबांच्या, असं म्हणून पदराने तिचं तोंड पुसलं.

मग तिला उलटी झाली. मला राग आला. कच्चं पीठ चाटलंस ना, म्हणून मी दटावलं. तिने मानेने नाही म्हटलं, पण असं कोणतं मूल कबूल होतं? तिला ओव्याचं पाणी पाजलं, पलंगावर निजवलं आणि पुन्हा स्वयंपाकघरात गेले, कारण दुसरी ताटली गंजात होती आणि ती करपली असती. त्यात वीस मिनिटं गेली. दुसरी ताटली फार सुरेख झाली होती.

परत आले तर तिचे पाय लटलटत होते. यज्ञेश्वरांना फोन करून तहसीलमधून बोलावलं, त्यांनी स्कूटर काढली आणि आम्ही तिला बाजारातल्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो बरोबर विचारला होता. हिचा औषधाशी, पंपाशी कुठं संबंध आला का? मी ठामपणे सांगितलं, दहा वाजल्यापासून ही माझ्याजवळ आहे, घराबाहेर पाऊल टाकलेलं नाही, कच्चं पीठ खाल्लंय. गावात माझ्या शब्दाला किंमत आहे. त्यांनी उलटीचं इंजेक्शन दिलं आणि थोडा वेळ बसा म्हणाले. पाऊण तासाने त्यांनी बॅटरीच्या उजेडात तिचे डोळे पाहिले. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. मग त्यांनी टॉवेल सोडला, फ्रॉक हुंगला, आणि मला काही न विचारता ॲम्ब्युलन्सला फोन लावला.

तेव्हा मला ते आठवलं. नोझल, उकंडा, कडू. दवाखान्यात सांगायचा धीर झाला नाही. आता कळलंच आहे औषधाचं, आता सांगून काय उपयोग, असं मी मनाला समजावत राहिले. यवतमाळला तिला लगेच आत घेतलं. वॉर्डात फवारणीची माणसं दोन्ही बाजूंनी भरलेली, कोणाचे हात खाटेला बांधलेले, कोणी डोळ्यांवर ओलं फडकं घेतलेलं. त्यांतच पलीकडे जलाल होता. हुस्नाबी एका खाटेवरून उठून दुसऱ्या खाटेकडे आली आणि मला म्हणाली, भाभी, तुम्ही होत्या म्हणून इथवर तरी पोचली. बुधवारी दुपारी तमन्ना गेली.

जलाल वाचला. अकरा दिवसांनी घरी आला. पोरीला औषध कसं लागलं हे कोणाला नक्की ठाऊक नव्हतं. पंपांजवळ खेळली असेल, फ्रॉकवर सांडलं असेल, असं सगळ्यांनी धरून चाललं. उकंडा आला, माझ्या दारात उभा राहिला, त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मी त्याच्याकडे. मग तो कपाशीचं बोलून निघून गेला.

मग एका सकाळी जलाल आमच्याकडे आला. मी खुर्ची दिली तरी जमिनीवरच बसला. त्याची नजर अजून नीट आलेली नव्हती, मी जिथे होते त्याच्या जरा बाजूला पाहून तो बोलत होता. मला आधी वाटलं, त्याला कळलं आहे आणि तो जाब विचारायला आला आहे. तसं असतं तर बरं झालं असतं. मी सगळं सांगून टाकलं असतं, असं आता मला वाटतं.

"भाभी, मी तिकडं बेहोश पडून राह्यलो होतो. तिच्या मायलेबी ते काही बोल्ली नाही, बोलायच्या हालतीत नव्हती. तुमच्यापाशी होती ते. शेवटचं काय बोल्ली, एवढं सांगा."

ती शेवटचं जे बोलली ते मला पाठ होतं. अब्बासारखं फुंकलं, असं ती बोलली होती. त्यानंतर मी तिला गप्प केलं होतं आणि त्या पोरीने माझा शब्द मोडला नव्हता. हे सांगितलं असतं तर त्याला कळलं असतं की ती त्याचंच बघून शिकली. आणि हेही कळलं असतं की दुपारी दीडलाच मला सगळं माहीत होतं. त्याला जपायचं म्हणून मी बोलले नाही, असं म्हणता आलं असतं तर फार बरं झालं असतं. मला हुस्नाबीची भीती वाटली. तिने माझ्याकडे त्या नजरेने पाहू नये, एवढंच माझ्या मनात होतं.

मी म्हणाले, "अब्बाले जास्त भाजलेली आवडते, त्याइच्या वेगळ्या ठेवजा, असं म्हणाली."

तिच्या बोलीत बोलले, म्हणजे खरं वाटावं. जलाल तोंडावर रुमाल धरून बराच वेळ रडला. जाताना म्हणाला, तुमचे उपकार फिटायचे नाहीत.

आता हुस्नाबी ते वाक्य आल्यागेल्याला सांगते. दर्ग्यात सांगते, माहेरी गेली की सांगते, पोरीच्या वर्गातल्या मुलांना बोलावून खाऊ देते आणि त्यांनाही सांगते. मी तिथे असले की माझ्याकडे वळून विचारते, असंच म्हणाली होती ना भाभी? आणि मी हो म्हणते.